टूलचे वर्णन कुणासाठी? दोन रकान्यांच्या वादाची पार्श्वभूमी

मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीला प्लगिन, म्हणजे बाहेरच्या सेवा वापरू देणारी टूल, जोडण्याची सोय जाहीर झाली. प्रत्येक प्लगिनसोबत एक छोटी जेसन फाइल (ठरावीक रकान्यांत माहिती मांडणारी मजकुराची फाइल) द्यावी लागे आणि तिच्यात वर्णनाचे दोन रकाने असत, एक माणसांसाठी आणि एक मॉडेलसाठी, म्हणजे चॅटजीपीटीमागच्या एआयसाठी. माणसांच्या रकान्यात जेमतेम एक वाक्य बसे. मॉडेलच्या रकान्याला हजारो अक्षरांची मुभा होती. एआय एजंटना, म्हणजे स्वतःहून टूल चालवून काम करणाऱ्या मॉडेलना, वापरता येईल असे डॉक्युमेंटेशन कसे लिहावे, माणसांसाठी आणि मॉडेलसाठी वर्णन एकच ठेवावे की वेगळे, यावर आज जे मतभेद दिसतात त्यांतले बरेचसे इथून सुरू होतात.

त्याआधीचा इतिहास लांबलचक आहे, पण या वादापुरते त्यातले थोडेच कामाचे. युनिक्स या संगणकप्रणालीची १९७१ची मॅन पाने, म्हणजे कमांडची माहितीपत्रके, माणसांसाठी होती आणि त्यांत टूलमधल्या दोषांसाठी स्वतंत्र मथळा असे. ही प्रामाणिक सवय पुढच्या डॉक्युमेंटेशनमधून जवळजवळ नाहीशी झाली, याची खंत वाटते. मग वेबसेवा कशी वापरायची हे यंत्रांना सांगणाऱ्या फाइलींचे साचे आले: २००१ मध्ये डब्ल्यूएसडीएल, पुढे स्वॅगर, आणि २०१६ पासून तेच ओपनएपीआय या नावाने रुळले. या फाइली यंत्रे वाचत, पण वाचत ती फक्त पत्ते, डेटाचे प्रकार आणि अनिवार्य पॅरामीटर (टूलला पुरवायची माहिती). वर्णन ऐच्छिक. ते कित्येकदा कोरे राही, नाहीतर ‘कॅन्सल ऑर्डर’पुढे ‘ऑर्डर रद्द करते’ एवढेच लिहिलेले असे. माल निघाल्यानंतरही ऑर्डर रद्द होते का, पैसे परत जातात का, हे नवा डेव्हलपर शेजारच्या टेबलावर विचारून घेई.

एजंटला शेजारचे टेबल नाही. जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने स्वतः टूलला कॉल करण्याची सोय, आले, आणि नाव, वर्णन व जेसन स्कीमातले (ठरावीक साच्यात मांडलेले) पॅरामीटर एवढ्यावरून कुठले टूल केव्हा वापरायचे हे मॉडेल ठरवू लागले. वर्णनातला एखादा शब्द बदलला की कोडला हात न लावताही टूलचा वापर बदलू शकतो. ‘तारीख: स्ट्रिंग’ (म्हणजे कुठलाही मजकूर) एवढेच लिहिले, तर ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे हे अंदाजावर जाते आणि चुकीच्या दिवसाचे तिकीट कुठलाही एरर न येता निघते. एरर मेसेजही याच हिशेबात धरायला हवा. ‘अवैध विनंती’ एवढेच उत्तर मिळाले तर एजंट तोच कॉल थोडाफार फिरवून पुन्हा करतो. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या’ म्हटले तर बहुधा पुढच्याच कॉलला सुधारतो.

आता त्या दोन रकान्यांकडे. ते वेगळे ठेवण्यामागे कारणे होती. ग्राहकाला एका ओळीत उपयोग कळला की पुरते. मॉडेलला मात्र केव्हा वापरू नये, कुठले टूल आधी चालवावे, हे सगळे लागते. तरीही हा निर्णय चुकीचा होता असे माझे मत आहे, कारण ग्राहक ज्याच्यावर विश्वास ठेवून होकार देतो तो मजकूर एक आणि प्रत्यक्ष काम ज्यावर चालते तो दुसरा, अशी फट त्याने अधिकृत केली. मॉडेलच्या रकान्यात माहितीबरोबर हुकूमही येऊ शकतात हे लवकरच स्पष्ट झाले. मागणी नसताना प्लगिन वापरण्यासाठी मॉडेलला भरीस पाडू नये, असे मार्गदर्शक सूचनांत लिहावे लागले.

एप्रिल २०२४ मध्ये प्लगिन बंद झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हे मॉडेलला टूल जोडण्याचे सामायिक नियम आले, त्यात वर्णनाचा रकाना एकच होता. फट मात्र स्क्रीनवर शिल्लक राहिली: मॉडेलला पूर्ण मजकूर जाई, परवानगीच्या खिडकीत माणसाला नाव किंवा त्रोटक सारांश दिसे. एप्रिल २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी याचे परिणाम दाखवून दिले. दोन आकड्यांची बेरीज करणारे साधे टूल. त्याच्या वर्णनात दडवलेली सूचना अशी की आधी वापरकर्त्याच्या संगणकावरची खासगी किल्ली (लॉगिनसाठीची गुप्त फाइल) वाच आणि एका जादा पॅरामीटरमधून पाठव. मॉडेलने ते केले. टूलच्या प्रत्यक्ष चालणाऱ्या कोडमध्ये चोरी शोधणाऱ्याला बेरजेखेरीज काही सापडले नसते.

त्याआधी एमसीपीच्या मार्च २०२५च्या आवृत्तीत टूलसाठी ‘फक्त वाचते’, ‘नासधूस करू शकते’ अशा खुणा आल्या होत्या, पण सर्व्हर, म्हणजे टूल पुरवणारा प्रोग्रॅम, विश्वासातला नसेल तर त्यांवर विसंबू नये असे तो प्रोटोकॉलच सांगतो. जून २०२५च्या आवृत्तीत माणसांना दाखवायचे नाव वेगळ्या रकान्यात गेले. ही विभागणी मला रास्त वाटते. नावाची पाटी वेगळी असली तरी वर्णन एकच राहते.

वेबसाइटच्या बाजूला हाच प्रश्न एलएलएम्स डॉट टीएक्सटी या, मॉडेलसाठी साइटची माहिती थोडक्यात देणाऱ्या, फाइलीने सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा उभा केला. मॉडेलसाठी वेगळी फाइल ठेवली की माणसांची पाने सुधारतात आणि मॉडेलची फाइल मागे पडते, हा धोका तिथेही आहे. याउलट, ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या स्किल फाइली, म्हणजे एखादे काम कसे करावे हे मॉडेलला सांगणाऱ्या फाइली, साध्या मजकुराच्या आहेत: वरचे नाव आणि छोटे वर्णन मॉडेलसमोर कायम असते, बाकीचा भाग गरज पडल्यावर उघडला जातो, आणि तीच फाइल सहकारी कोडबरोबर तपासू शकतो.

डिसेंबर २०२५ मध्ये एमसीपी एका सामायिक प्रतिष्ठानाकडे सोपवले गेले. कुठली टूल मॉडेलच्या हाती आहेत हे वापरकर्त्याला स्पष्ट दिसावे, अशी एमसीपीच्या नियमांत शिफारस आहे. वर्णनाचा प्रत्येक शब्द दाखवायचा की नाही, हे क्लायंट, म्हणजे वापरकर्त्यासमोरचे ॲप, बनवणाऱ्यावर सोडले आहे.