‘सबमिट’ दाबलं, पण काहीच झालं नाही!

नागपुरात सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानांत विंडोज ७ चे कॉम्प्युटर अजून कामात आहेत. परीक्षेचा फॉर्म उघडतो, रंग-चित्रं नीट दिसतात, पण ‘सबमिट’ दाबलं की पान ढिम्म. मग ठरलेला सल्ला मिळतो: कॅशे साफ करा. हा उपाय आता गंड्यादोऱ्यासारखा झालाय. त्याने साठवलेल्या जुन्या फायली जातात. ब्राउझरला नवी भाषा येत नाही.

विंडोज एक्सपीवर क्रोम ४९ व्या आवृत्तीला थांबला, विंडोज ७ वर १०९ व्या. पुढची आवृत्ती तिथे बसतच नाही.

पानाचा सांगाडा लिहायची एचटीएमएल आणि त्याचं रूप ठरवणारी सीएसएस या भाषा समजूतदार आहेत. न कळलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि पुढे वाचतो. रकाने मांडणाऱ्या फ्लेक्समधला ‘गॅप’, म्हणजे दोन रकान्यांतली मोकळी जागा, क्रोम ८४ च्या आधी नव्हता. तिथे रकाने एकमेकांना चिकटतात, पण फॉर्म भरता येतो. बटणांसारख्या गोष्टी चालवणाऱ्या जावास्क्रिप्टचं तसं नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. चालवायला घेण्याआधी ब्राउझर अख्खी फाइल व्याकरणासाठी तपासतो. प्रश्नचिन्हापुढे टिंब, म्हणजे ‘?.’, हे चिन्ह क्रोम ८० मध्ये आलं. हजार ओळींच्या फाइलमध्ये ते एकदाच असलं, तेही कधीच न वापरलेल्या फंक्शनमध्ये, तरी क्रोम ४९ त्या फाइलची एकही ओळ चालवत नाही. त्याच फाइलमधलं चुका पकडणारं ‘ट्राय-कॅच’ इथे निरुपयोगी, कारण तेही चालायला सुरुवातच होत नाही. पॉलिफिल या भरणा-कोडचंही तेच: तो जुन्या ब्राउझरला नसलेलं फंक्शन पुरवतो, व्याकरण बदलत नाही.

क्रोम १०९ मध्ये ‘?.’ चालतं, तिथे दुखणं वेगळं. यादीची क्रमवार लावलेली नवी प्रत देणारं ‘टूसॉर्टेड’ क्रोम ११० मध्ये आलं, म्हणजे विंडोज ७ ला एका आवृत्तीने हुकलं. इथे फाइल चालू होते आणि नेमक्या त्या ओळीवर अडते. म्हणूनच अर्धा फॉर्म चालतो, अर्धा नाही. यावर मात्र पॉलिफिल लागू पडतो.

तपासताना डेव्हटूल्स या ब्राउझरमधल्या तपासणी-साधनांतल्या मोबाइल व्ह्यूवर विसंबू नये. तो स्क्रीनची रुंदी आणि ब्राउझरने सांगायचं नाव बदलतो. आतलं इंजिन नवंच राहतं. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ टाकून त्यात क्रोम १०९ बसवा. पान उघडण्याआधी एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे चुका दाखवणारी खिडकी, उघडा आणि सगळ्यात वरची लाल ओळ वाचा. खालच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघालेल्या असतात. ‘सिंटॅक्सएरर’ असेल तर अडचण व्याकरणाची, ‘टाइपएरर’ असेल तर बहुधा नसलेल्या फंक्शनची. दुकानातल्या मशीनवर पानच न उघडता सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) चूक आली, तर आधी तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझर चांगलं सर्टिफिकेटही नाकारतो.

व्याकरणाची चूक साइट बनवतानाच बाबेल या साधनाने नवा कोड जुन्या रूपात उतरवून सुटते. तरीही फाइलमध्ये ‘?.’ सापडलं, तर बाहेरच्या लायब्ररी (तयार कोड) ठेवणारा ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर तपासा. बऱ्याच सेटिंगमध्ये तो बाबेलमधून वगळलेला असतो आणि बाहेरून आणलेल्या लायब्ररीचा नवा कोड जसाच्या तसा आत येतो. त्यामुळे स्वतः लिहिलेल्या कोडऐवजी सर्व्हरवर चढवायची तयार फाइलच ‘ईएस-चेक’ या व्याकरण तपासणाऱ्या साधनातून काढावी.