'मेक इन्स्टॉल' केलं म्हणजे पॅकेज बसलं का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरतो: 'उबुंटूवर सोर्समधून सुडो मेक इन्स्टॉल करा, नको झालं की ॲप्ट रिमूव्हनं काढा.'

उबुंटू ही लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ॲप्ट हा तिच्यात पॅकेजं (तयार बांधलेले प्रोग्राम) बसवणारा-काढणारा आदेश. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा नाही. मेक इन्स्टॉल फक्त सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, बांधलेल्या प्रोग्रामच्या फाइली कॉपी करतं, बहुधा /यूएसआर/लोकल मध्ये. ॲप्ट ज्याच्या आधारे चालतं त्या डीपीकेजीच्या (पॅकेजांचा हिशेब ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) नोंदवहीत त्यांची नोंदच होत नाही, मग ॲप्ट काढणार काय? खात्री करायची तर 'डीपीकेजी -एस' (एस कॅपिटल) पुढे त्या फाइलचा पूर्ण पाथ, म्हणजे पत्ता, द्या. असा पाथ सापडला नाही, असं उत्तर येईल.

खरा त्रास पुढे होतो. प्रोग्राम कोणकोणत्या फोल्डरांत शोधायचा त्या यादीलाही पाथच म्हणतात; तिच्यात /यूएसआर/लोकल/बिन हे /यूएसआर/बिन च्या आधी येतं. त्यामुळे ॲप्टनं नवी आवृत्ती आणली तरी जुनीच चालते, आणि माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो. 'टाइप -ए' पुढे प्रोग्रामचं नाव टाका, दोन्ही प्रती दिसतील.

काढायचं तर त्याच सोर्स फोल्डरात 'मेक अनइन्स्टॉल' करून बघा. प्रत्येक मेकफाइलमध्ये (मेकला सूचना देणाऱ्या फाइलीत) ती सोय नसते. म्हणून फोल्डर जपून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे मेक इन्स्टॉलला डेस्टडिर (फाइली कुठे उतरवायच्या ते सांगणारी सेटिंग) देऊन फाइली वेगळ्या फोल्डरात उतरवा, तिथे डेबियन/कंट्रोल ('डेबियन' कॅपिटल अक्षरांत) फाइलीत नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर, मेंटेनर, वर्णन या 5 नोंदी लिहा आणि 'डीपीकेजी-डेब --बिल्ड' चालवा. त्यातून तयार झालेलं .डेब, म्हणजे पॅकेजची फाइल, बसवलं की ॲप्ट रिमूव्ह खरंच काम करतं.