देवी गेली ती कशी: लशीच्या पावणेदोनशे वर्षांची पार्श्वभूमी

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची, म्हणजे स्मॉलपॉक्स या रोगाची, लस टोचली आणि लस उठली, म्हणजे टोचल्या जागी फोड आला. भारतात लागू पडलेली ही पहिली लस. एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने इंग्लंडमध्ये गाईच्या देवीची लागण देऊन माणसाची देवी टाळण्याचा प्रयोग केला, त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. बातमी लवकर आली होती, पण लस काही येईना. लशीत भिजवून वाळवलेले दोरे जहाजाने पाठवले जात, आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात, उकाड्यात, त्यांतला गुण निघून जाई. शेवटी ती बहुतांशी जमिनीच्या वाटेने आली. व्हिएन्नाचे डॉक्टर झां द कारो यांनी ती कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादकडे पाठवली. तिथून बसरा, आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई.

बर्फपेट्यांचा काळ नव्हता. लस जिवंत ठेवायला माणसाचा दंडच हवा. एका मुलाला टोचायचं, आठव्या दिवशी फोड भरला की त्यातला द्रव काढून पुढच्याला टोचायचं. ॲनाच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचलं, आणि पुढे अशीच दंडातून दंडात ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेली. मधली एक कडी तुटली की सगळं पहिल्यापासून. पुढच्याच वर्षी स्पेनच्या राजाने अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस धाडली, तीही २२ अनाथ मुलांना जहाजावर घेऊन, वाटेत पाळीपाळीने टोचत. त्या मुलांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

लस येईपर्यंत घरच्यांच्या हातात फारसं काही नव्हतं. देवी आल्या की दाराला कडुलिंबाचे डहाळे लावायचे, रोग्याला त्याच पाल्याने वारा घालायचा, शीतळादेवीला नवस बोलायचा. श्रावणातल्या शीतळा सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं शिळं खायची रीत अजूनही पाळली जाते. याला हसणं सोपं आहे. पण दारावरचा पाला पाहून शेजारीपाजारी आत यायचे थांबत असतील, तर तेवढा उपयोग झालाच. बंगालात टीकादार, म्हणजे परंपरेने टोचण्याचं काम करणारे, खऱ्या देवीच्याच खपल्या वापरून मुद्दाम सौम्य रोग देत. ज्याला टोचलं तो बहुधा वाचे, मात्र त्याच्यापासून इतरांना खरी देवी लागण्याची भीती राही.

नव्या लशीला लोकांनी सहजासहजी दंड पुढे केला नाही, आणि याचा सगळा दोष अंधश्रद्धेला देणं मला पटत नाही. कुणाच्या मुलाच्या फोडातला द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाणार, हा प्रश्न जातीचा होता तसाच रोगाचाही. दंडातून दंडात लस देताना गरमीसारखा (सिफिलिस) रोग खरोखरच पसरू शकत असे. पुढे वासरांवर लस वाढवायला लागले तेव्हा ही भीती ओसरली. मुंबई शहरात १८७७ मध्ये बाळांना लस सक्तीची झाली. १८८० चा कायदा मात्र निवडक शहरं आणि छावण्यांपुरताच होता. खुद्द गांधीजी लशीच्या विरोधात होते. शिवाय ती दुखायची. बारीक दातांची चकती कातडीवर दाबून फिरवत. देवीचा डॉक्टर गावात आला की पोरं माळ्यावर लपत. त्या चकतीचे गोल वण वयस्क माणसांच्या हातांवर आजही दिसतात.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. बहुतेक सगळ्या लोकसंख्येला टोचायचं, म्हणजे रोग आपोआप थांबेल, असा हिशेब होता. आकडे भरले, रोग थांबला नाही. शाळेत रांगेत सापडणाऱ्या मुलांना पुन्हापुन्हा टोचलं जाई. तान्ही बाळं, फिरस्ते मजूर आणि गावकुसाबाहेरची वस्ती सुटून जाई, आणि देवी नेमकी तिथेच टिकून राही.

यातून वाट निघाली ती लशीच्या टंचाईमुळे. १९६६ च्या अखेरीस नायजेरियात विल्यम फेगी या अमेरिकी डॉक्टरकडे सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हती. तेव्हा त्यांनी आधी रुग्ण शोधले आणि त्यांच्या भोवतालच्यांना टोचलं. साथ विझली. देवीच्या विषाणूला माणसाशिवाय दुसरं घर नव्हतं, रुग्ण अंगावरच्या फोडांवरून ओळखू येई, आणि संसर्ग होऊन तीन-चार दिवसांत लस दिली तरी बहुधा रोग टळे. म्हणून हे जमलं.

१९७३ च्या शरदात उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेशात आरोग्यसेवक घरोघरी रुग्णाचं चित्र दाखवत फिरले. नोंदीत नसलेले हजारो रुग्ण सापडले. १९७४ च्या जानेवारी ते मे या काळात देशात १५ हजारांहून अधिक माणसं दगावली, त्यांत सर्वाधिक बिहारमध्ये. तेव्हा बिहारात असलेल्या टाटानगर स्टेशनावरून सुटणाऱ्या गाड्यांतून रोग दूरच्या राज्यांत जाऊ लागला, तेव्हा तो आवरायला टाटांनी आपली माणसं आणि वाहनं दिली. रुग्णाच्या घरावर रात्रंदिवस पहारा बसे आणि आत जाणाऱ्याला आधी टोचलं जाई. घरच्यांना बाहेर पडावं लागू नये म्हणून धान्य पोचवलं जाई. रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत एक हजार रुपयांवर गेलं. दोन टोकांची साधी सुई आल्याने टोचणंही सोपं झालं होतं.

देशातल्या लागणीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये बिहारात सापडला. त्याच महिन्यात बांगलादेशातून आलेली एक रुग्ण आसामात करीमगंज स्टेशनावर आढळली, आणि तिच्यानंतर भारतात कुणी नाही. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त ठरवला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने देवीचं जगातूनच उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं.

त्यानंतर ती लस देणं थांबलं. ती देवीच्याच कुळातल्या मंकीपॉक्सपासूनही बऱ्यापैकी संरक्षण देते. १९८० नंतर जन्मलेल्यांना ते मिळालेलं नाही. २०२२ मध्ये मंकीपॉक्स अनेक देशांत पसरला, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं. त्याआधी २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या नव्या लशीची चाचणी झाली, तेव्हा रुग्णाच्या भोवतालच्यांना टोचण्याची तीच पद्धत वापरली गेली होती.