ई-डिस्कव्हरी आणि आयटी विभागावरील भार

खटल्याशी संबंधित ईमेल, फाइली, चॅट हुडकून, जपून प्रतिपक्षाच्या हवाली करण्याची प्रक्रिया म्हणजे ई-डिस्कव्हरी. अमेरिकेत दिवाणी दावा सुनावणीला येण्याआधीच दोन्ही बाजूंना एकमेकांकडची कागदपत्रे मागता येतात. १ डिसेंबर २००६ पासून संघीय नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीचा वेगळा उल्लेख आला. नोटीस वकिलांकडे येते, काम मात्र सिस्टिम अॅडमिनच्या गळ्यात पडते.

दाव्याची चाहूल लागताच 'लिटिगेशन होल्ड' निघतो : संबंधित काहीही पुसायचे नाही. आयटी विभागाचा दिनक्रम तर पुसण्यावरच चालतो. जुने मेल आपोआप उडतात, बॅकअपच्या टेपा आलटून पालटून पुन्हा वापरल्या जातात, नोकरी सोडणाऱ्याचा लॅपटॉप फॉरमॅट होऊन नव्या माणसाकडे जातो. ही चक्रे थांबवायची, तीही ठरावीक माणसांपुरती. आणि त्या माणसांची यादी दर आठवड्याला वाढत जाते. फाइल साधी कॉपी केली तरी तिच्यावरच्या तारखा बदलू शकतात, त्यामुळे 'पेनड्राइव्हवर द्या' म्हणून भागत नाही.

न्यूयॉर्कमधील 'झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग' हा यातला गाजलेला खटला; यूबीएस या बँकिंग कंपनीवर तिच्याच माजी कर्मचारी लॉरा झुबुलेक यांनी केलेला. २००३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी नमुन्यादाखल पाच बॅकअप टेपा उघडायला लावल्या. त्याला सुमारे १९ हजार डॉलर लागले आणि दाव्याशी संबंधित सुमारे ६०० ईमेल मिळाले. पुढच्या टेपा पूर्ववत करण्याचा ७५ टक्के खर्च कंपनीवर आला. काही टेपा सापडल्याच नाहीत, सूचना असूनही काही मेल पुसले गेले होते. त्यावरून कंपनीविरुद्ध निष्कर्ष काढण्याची मुभा ज्युरीला मिळाली. २००५ मध्ये भरपाई व दंड मिळून सुमारे २.९ कोटी डॉलरचा निकाल लागला.

रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१२ च्या अभ्यासात ई-डिस्कव्हरीच्या खर्चाचा ७३ टक्के वाटा वकिलांच्या वाचनाचा, तर माहिती गोळा करण्याचा फक्त ८ टक्के निघाला. हा आकडा जपून वाचावा. आयटीवाल्यांच्या जागरणाचे वेगळे बिल कोणी फाडत नाही. संघीय नियमांतील २०१५ च्या दुरुस्तीने कागदपत्रांची मागणी दाव्याच्या प्रमाणात असावी यावर भर दिला. ईमेल वगैरे नष्ट झाल्यास कठोरतम शिक्षा हेतुपूर्वक केलेल्या नाशापुरतीच ठेवली.

भारतात एवढा व्याप नाही. मात्र जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत ती कशी तयार झाली हे सांगणारे प्रमाणपत्र बंधनकारक ठरवले आणि तपासात जप्त झालेल्या कॉल नोंदींच्या काळातील तपशील मोबाइल कंपन्यांनी वेगळा जपावा, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलमधील मजकुरावरून काढलेला, बदल झाल्यास वेगळा येणारा सांकेतिक आकडा) भरावे लागते.