चार गिरक्या, पाऊण सेकंदाच्या आत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक व्हिडिओ फिरत आला. लाल केसांची सडपातळ मुलगी बर्फावर पाठमोरी घसरत येते, बुटाचं टोक बर्फात खुपसते, वर उडते, भोवऱ्यासारखी गरगरते आणि एका पायावर उतरून जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून जाते. खाली मजकूर : 'गुरुत्वाकर्षणाला हरवणारी मुलगी!' त्यावर एका काकांची प्रतिक्रिया, "आपल्याकडे याला लघिमा सिद्धी म्हणतात, हजारो वर्षांपासून." आणखी एकाची, "कापसासारखी हलकी आहे, म्हणून जास्त वेळ हवेत राहते."

काकांशी वाद घातला नाही. लघिमा साधली असती तर मुलगी खाली कशाला आली असती? कापूसवाल्यांचं मात्र मनाला लागलं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की पडण्याचा वेग वस्तुमानावर अवलंबून नसतो. कापूस हळू पडतो तो हवेच्या अडथळ्यामुळे, आणि माणूस काही कापूस नव्हे. पंचेचाळीस किलोची मुलगी आणि नव्वद किलोचा पैलवान सारख्याच वेगाने वर उडाले, तर सारख्याच वेळात खाली येणार.

मग त्या मुलीला जमतं ते पैलवानाला का जमत नाही?

आधी मुलगी कोण ते सांगतो. फिगर स्केटिंग, म्हणजे पात्याचे बूट घालून बर्फावर गिरक्या-उड्या मारण्याचा खेळ, खेळणारी अलेक्झांड्रा त्रुसोव्हा. जन्म २००४ सालचा, गाव रशियातलं र्‍याझान. मॉस्कोत प्रशिक्षक एतेरी तुतबेरिद्झे यांच्या हाताखाली तयार झाली. मार्च २०१८मध्ये बल्गेरियातल्या सोफियात ज्युनिअर जागतिक स्पर्धा झाली, तिथे तेरा वर्षांच्या या मुलीने एकाच कार्यक्रमात दोन क्वाड उड्या मारल्या, म्हणजे हवेत चार गिरक्यांच्या. एक साल्को, एक टो-लूप. (ही उड्यांच्या प्रकारांची नावं. पुढे येणारी लुट्झ, फ्लिप, ॲक्सेलही तशीच. बर्फावरून कसं उडायचं, यावरून प्रकार ठरतो.) तोवर क्वाड हा पुरुषांचा प्रांत समजला जाई. कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगने १९८८ साली स्पर्धेतली पहिली क्वाड मारली. मुलींमध्ये २००२ साली जपानच्या मिकी आंदोने एक मारली, त्यानंतर पंधरा वर्षं जवळपास शांतता. त्रुसोव्हा आली आणि पुढच्या दोन वर्षांत क्वाड लुट्झ आणि क्वाड फ्लिपही मारून मोकळी झाली. या दोन्ही उड्या मारणारी ती पहिलीच स्त्री. ज्युनिअर जागतिक विजेतेपद दोनदा, २०१८ आणि २०१९. मधे प्रशिक्षक बदलून येवगेनी प्लुशेंकोकडे गेली, वर्षभराने परत आली. २०२१मध्ये मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. कारकिर्दीची जंत्री इतकी पुरे, मला बोलायचंय ते उडीबद्दल.

चांगल्या क्वाड उडीत खेळाडू हवेत असतो साधारण ०.६५ सेकंद. हवेतला वेळ कळला की उंची काढता येते : वेळेचा वर्ग, गुणिले ९.८, भागिले आठ. उत्तर येतं ५२ सेंटिमीटर. तेवढ्यात चार गिरक्या. खरं तर पूर्ण चार नव्हेत. उडताना पाय बर्फावर असतानाच अर्ध्याच्या आसपास गिरकी होऊन गेलेली असते, पण त्याने फार सुटका होत नाही. सुरुवातीचा आणि शेवटचा क्षण हात उघडे असताना संथ फिरण्यात जातो, त्यामुळे मधल्या काळात सेकंदाला सहाच्या घरात गिरक्या घ्याव्या लागतात. म्हणजे मिनिटाला ३६०. आत्ता वर बघा, पाचवर ठेवलेला तुमचा छताचा पंखा जवळपास त्याच वेगाने फिरतोय.

वेळ वाढवला तर काम सोपं होईल ना? होईल, पण उंची वेळेच्या वर्गात महागते. ०.६५चे ०.७२ सेकंद करायला तब्बल बारा सेंटिमीटर जास्त उडावं लागतं. पुरुष खेळाडू स्नायूंच्या जोरावर त्यातलं थोडंफार मिळवतात. मुलींसाठी तो रस्ता जवळजवळ बंद. उरतो दुसरा, जोरात फिरणं. आणि इथे माझा सगळ्यात आवडता नियम येतो.

बारावीत 'कोनीय संवेग' आणि 'जडत्व आघूर्ण' हे शब्द ज्यांनी पाठ केले ते बहुतेक परीक्षेनंतर विसरले असतील. त्यांचा दोष नाही, शब्दच तसे आहेत. पण मंगळागौरीला फुगडी घातलेल्या कोणत्याही बाईला हे हातापायांनी माहीत असतं. हात ताठ करून, मागे रेलून फुगडी घातली की ती संथ, डौलदार. दोघी कोपरात वाकून जवळ आल्या की पाय जमिनीवर ठरत नाहीत. वस्तुमान तेच, अक्षापासूनचं अंतर कमी झालं. जडत्व आघूर्ण म्हणजे एखादी वस्तू फिरवायला किती जड आहे त्याचं माप, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. सगळी गंमत त्या वर्गात आहे.

आकडे घालून बघू. ४५ किलोच्या मुलीचा एक हात साधारण सव्वादोन किलोचा. हात पसरलेला असताना त्याचं वजन अक्षापासून सरासरी ४० सेंटिमीटरवर आहे असं धरा. छातीशी आवळला की १५वर. अंतर अडीच पटीहून थोडं जास्त घटलं, पण वर्ग केल्यावर त्या हाताचा वाटा सातपट घसरला! दोन्ही हात आणि मागे लांबवलेला पाय यांचा असा हिशोब केला की सगळं शरीर फिरवायला निदान दुप्पट-तिप्पट हलकं होतं. बाहेरून कोणी पिळत नसेल तर जडत्व आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग हा गुणाकार बदलत नाही. म्हणून एक घटलं की दुसरं वाढतं. हा गुणाकार म्हणजेच कोनीय संवेग.

हवेत कोण पिळणार? कोणीच नाही. तिथे धरायला खांब नाही, रेटायला भिंत नाही. म्हणजे कोनीय संवेगाची सगळी शिदोरी पाय बर्फावरून सुटण्याआधी बांधून घ्यावी लागते. धावता धावता दिव्याच्या खांबाला हात अडकवला की आपण गरकन वळतो. लहानपणी सगळ्यांनी केलंय. स्केटरचा खांब म्हणजे बर्फात रुतवलेलं बुटाच्या पात्याचं टोक. तिथे करवतीसारखे दात असतात, त्यांना टो-पिक म्हणतात. सरळ जाणारं शरीर त्या टोकाभोवती वळतं आणि सरळ वेगातला काही भाग गिरकीत जातो. (बर्फ मुळात निसरडा का, हा वेगळाच प्रश्न. 'पात्याच्या दाबाने वितळतो' हे शाळेतलं उत्तर फारच तोकडं आहे. पुन्हा कधीतरी.) लुट्झ सगळ्यात अवघड उड्यांत का मोडते, तेही इथेच कळतं. तिच्यात खेळाडू येतो एका दिशेने वळत आणि उडून फिरतो उलट दिशेने. आधीची शिदोरी फेकून नवी बांधायची, तीही सेकंदाच्या एका तुकड्यात.

आता बहुतेक लेखांत सुटून जाणारी गोष्ट. हात आत घेतले की वेग 'आपोआप' वाढतो असं सगळे लिहितात. आपोआप काही होत नाही. सेकंदाला सहा गिरक्या घेताना १५ सेंटिमीटरवरच्या हाताला आत वळवत ठेवायला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे बावीस पट त्वरण लागतं. सव्वादोन किलो गुणिले बावीस, म्हणजे एकोणपन्नास किलोंच्या वजनाएवढी ओढ. एकेका हाताला स्वतःच्या अख्ख्या शरीराच्या वजनाहून जास्त! काही भार खांद्याचा सांधा पेलतो, बाकी स्नायूंनी पेलायचा. आघूर्ण निम्मं झालं की गिरकीची ऊर्जाही दुप्पट होते आणि ती वरची ऊर्जा त्या ओढाताणीत स्नायू पुरवतात. कमी पडली तर हात इंचभर बाहेर राहतात, आणि इंचभराचाही वर्गच होतो.

घरी करून बघायचं असेल तर फिरती खुर्ची घ्या, दोन्ही हातांत लिटरच्या पाण्याच्या बाटल्या धरून हात पसरा, कोणाला तरी हळूच फिरवायला सांगा आणि हात आत घ्या. आमच्या भाच्याने केलं. टाच टीपॉयला लागून माझा चहा गेला, पण नियम त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

त्रुसोव्हाच्या लांबलचक केसांबद्दलही मी हिशोब मांडला होता. दीडशे ग्रॅमचा शेपटा गिरकीत सरासरी ३० सेंटिमीटरवर भिरभिरत असेल, तर आवळलेल्या शरीराच्या आघूर्णात तीनेक टक्के भर पडते. चार गिरक्यांत सुमारे एक-अष्टमांश गिरकीचं नुकसान. पाव गिरकीहून जास्त कमी पडली की पंच उडी अपूर्ण धरतात, म्हणजे त्या सवलतीतला अर्धा वाटा एकट्या केसांनी खाल्ला. मी प्रशिक्षक असतो तर घट्ट अंबाडा घालायला लावला असता.

आता पैलवानाकडे वळू. इथे जरा गणित आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. समजा एखादी मुलगी सर्व बाजूंनी दहा टक्के मोठी झाली. वस्तुमान १.१चा घन, म्हणजे १.३३ पट. अंतराचा वर्ग १.२१ पट. दोन्हींचा गुणाकार, म्हणजे जडत्व आघूर्ण, १.६१ पट. स्नायूंचा जोर त्यांच्या आडव्या छेदावर ठरतो, तो १.२१ पट. ज्या अंतरावरून पिळायचं ते १.१ पट आणि पिळायला मिळणारा वेळही १.१ पट. तिन्ही गुणले की मिळणारा कोनीय संवेग १.४६ पट. १.४६ भागिले १.६१ म्हणजे ०.९१. उडीची उंची तीच, हवेतला वेळ तोच, गिरकी मात्र नऊ टक्के संथ. चाराच्या झाल्या ३.६४. पंचांनी उडी अपूर्ण ठरवायला तेवढं पुरे.

हे झालं कागदावर, जिथे सगळं प्रमाणात वाढतं. वयात येणाऱ्या मुलीचं शरीर प्रमाणात वाढत नाही. कंबरेशी आणि छातीशी, म्हणजे अक्षापासून लांब, वजन वाढतं आणि स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून क्वाड मारणाऱ्या मुली तेरा-चौदाच्या. मग 'वजन वाढू देऊ नका'चा धोशा सुरू होतो, आणि तिथे भौतिकशास्त्राचं नाव घेऊन जे चालतं त्याचा मला राग येतो. रशियाची युलिया लिपनित्स्काया पंधराव्या वर्षी, २०१४च्या सोची ऑलिंपिकमध्ये, सांघिक सुवर्ण जिंकली, २०१७ साली निवृत्त झाली. कारण अन्न नकोसं करणारा आजार, ॲनोरेक्सिया. शिवाय प्रत्येक उडी उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट धक्का बसतो, दिवसाला कित्येकदा, हाडं अजून वाढत असताना. स्केटिंगच्या जागतिक संघटनेने मोठ्यांच्या स्पर्धेसाठी किमान वय पंधरावरून सतरा करायचं ठरवलं ते जून २०२२मध्ये. उशीरच झाला.

त्रुसोव्हाचं कौतुक वाटतं ते याच हिशोबामुळे. तेरा ते सतरा या वर्षांत तिचंही शरीर वाढलं, उड्या गेल्या नाहीत. पायाच्या दुखापतीने २०२१च्या नोव्हेंबरात टोकियोतली एनएचके ट्रॉफी ही स्पर्धा सोडावी लागली आणि तीन महिन्यांनी, १७ फेब्रुवारी २०२२ला, बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने मोठ्या कार्यक्रमात पाच क्वाड मारल्या. (स्पर्धेत आधी छोटा कार्यक्रम असतो, मग मोठा, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज म्हणजे निकाल.) फ्लिप, साल्को, टो-लूप, लुट्झ आणि पुन्हा लुट्झ. टो-लूप उतरताना जरा डळमळली, पडली एकदाही नाही. ऑलिंपिकमध्ये एका कार्यक्रमात पाच, हे कोणत्याही स्त्रीने केलेलं नव्हतं. त्या फेरीत तिचेच गुण सर्वांत जास्त, १७७.१३. तरीही एकूण निकालात रौप्य. सुवर्ण अ‍ॅना श्चेरबाकोव्हाला, तीही तुतबेरिद्झेंचीच शिष्या. त्रुसोव्हा रिंकच्या कडेला ढसाढसा रडत होती, पुन्हा कधी बर्फावर पाय ठेवणार नाही म्हणत होती.

आमच्या ग्रुपवर कोणीतरी नक्की म्हणालं असतं, साडेसाती. साडेसाती नव्हे, साडेतीन. महिलांच्या छोट्या कार्यक्रमात तेव्हा क्वाड मारायला नियमाने परवानगीच नव्हती. तिथे सगळ्यात मोठी उडी म्हणजे ट्रिपल ॲक्सेल. नाव ट्रिपल, गिरक्या साडेतीन, कारण ॲक्सेल ही एकच उडी खेळाडू तोंड पुढे करून मारतो आणि उतरतो मात्र पाठमोरा. समोरून उडताना टो-पिकचा खांब मिळत नाही. मोकळा पाय आणि हात पुढे झोकून शिदोरी बांधायची आणि मग सगळा पसारा आत ओढायचा. चार गिरक्या चार तऱ्हांनी घेणाऱ्या मुलीला ही साडेतीनवाली कधी नीट वश झाली नाही. बीजिंगच्या छोट्या कार्यक्रमात ती तिच्यावरच पडली आणि चौथी राहिली.

त्या उडीची मूळ किंमत ८ गुण. पडलं की त्यातली निम्मी जाते, वर एक गुण दंड. म्हणजे नुसती बरी उतरली असती तरी निदान पाच गुण हातात राहिले असते. अंतिम यादीत श्चेरबाकोव्हा २५५.९५, त्रुसोव्हा २५१.७३. फरक ४.२२.