कोकणातील लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरोसिस हा लेप्टोस्पायरा या मळसूत्री जिवाणूमुळे होणारा आजार. कोकणात त्याला नुसते ‘लेप्टो’ म्हणतात. हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो, त्यांना फारसा त्रास देत नाही आणि मूत्रावाटे बाहेर पडून ओल्या मातीत, साचल्या पाण्यात टिकून राहतो. गुरे, डुकरे आणि कुत्रीही वाहक असतात.

कोकणातली भातलावणी त्याच्या पथ्यावर पडते. बांधात घुशींची बिळे असतात. पावसाने ती भरली की तेच पाणी खाचरात उतरते. लावणी करणारी बाई सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत चिखलात वाकलेली असते. चार-आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलवटते. जिवाणूला आत शिरायला तेवढी फट पुरते. मग साधारण ५ ते १४ दिवसांनी हुडहुडी भरून ताप येतो, पोटऱ्यांना हात लावू देववत नाही, डोळे लालबुंद होतात पण चिपडे येत नाहीत. बहुतेक रुग्ण बरे होतात. थोड्यांना कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होतो. लावणीपुरता गावी गेलेला चाकरमानी मुंबईला परतल्यावर आजारी पडू शकतो, म्हणून ‘गावी जाऊन आलात का?’ हा प्रश्न तिथल्या डॉक्टरनेही विचारायला हवा.

या रोगाच्या संशोधनाचा इतिहास चुकलेल्या निदानांनी भरला आहे. जर्मन वैद्य आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये त्याच्या तीव्र रूपाचे वर्णन केले. १९०७ मध्ये आर्थर स्टिमसन यांना हा जिवाणू दिसला तो पीतज्वराचा बळी मानलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडात. तोच रोगाचे कारण आहे हे जपानच्या र्योकिची इनादा आणि युताका इदो यांनी १९१५ च्या सुमारास दाखवले. भारतात ‘अंदमान रक्तस्रावी ज्वर’ म्हणून ओळखला जाणारा आजार हा लेप्टोच होता, हे पोर्ट ब्लेअरच्या संशोधकांनी पुढे आणले.

या विषयात आयुष्य घालवणाऱ्याला चिकाटी लागते. नेहमीचे अनेक रोगकारक जिवाणू एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत वाढतात. लेप्टोस्पायराला आठवडे, कधी महिने लागतात. रक्तातील प्रतिद्रव्यांवरून खात्री करायची तर दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन नमुने हवेत, आणि दुसऱ्या नमुन्याच्या वेळेपर्यंत बरा झालेला रुग्ण शेतावर गेलेला असतो. रक्तात जिवाणूची जनुकीय खूण शोधणारी पीसीआर तपासणी पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते. पण उपचार अहवालासाठी थांबवता येत नाहीत. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, तीव्र आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देतात. पहिल्या मात्रेनंतर काही तासांत ताप उसळून थंडी भरू शकते. मरणाऱ्या जिवाणूंमुळे होणारी ही प्रतिक्रिया नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेली बरी, नाहीतर औषध सोसले नाही असे वाटून ते घाबरतात.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या या काळात लेप्टोस्पायराचे वागणे विलक्षण आहे. काही औषधांना तो मुळातच जुमानत नाही, पण पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन दशकानुदशके वापरूनही त्यांच्यापुढे तो बळावल्याचे फारसे आढळलेले नाही. कारण त्याच्या जीवनक्रमात असावे: माणसापासून माणसाला तो क्वचितच होतो, त्यामुळे औषधाला तोंड दिलेला जिवाणू रुग्णाबरोबरच संपतो. घुशींच्या मूत्रपिंडातल्या साठ्यापर्यंत औषध पोहोचतच नाही.

म्हणून धोका नाही असे मात्र नव्हे. प्रत्येक तापाला प्रतिजैविक दिले की रुग्णाच्या आतड्यातले ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जिवाणू प्रतिरोध कमावतात आणि तो एकाकडून दुसऱ्याकडे देतात. प्रतिबंधक गोळीचा प्रश्नही यामुळेच नाजूक आहे. पनामात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांवरच्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत एकालाच, तर दुसऱ्या गटात विसांना लागण झाली. ते सैनिक काही आठवडेच जंगलात होते. कोकणात दर पावसाळ्यात सरसकट गावाला गोळ्या वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. चिखलात उतरणाऱ्यांना, लावणीच्या दिवसांपुरती आणि डॉक्टरच्या सल्ल्याने ती देणे योग्य. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत.

गोळीशिवायचे उपाय जुनेच आहेत: गमबूट, जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, गोठ्यातली सफाई, आणि लावणीपूर्वी साऱ्या वाडीने एकाच वेळी बिळे शोधून केलेला उंदीर-घुशींचा बंदोबस्त. एकट्याच्या शेतापुरता तो केला, तर शेजारच्या बांधातल्या घुशी काही दिवसांत परत येतात.