पार्श्वभूमी : एकाच प्रकाशात शिस्त आणि कोलाहल

सगळे दोलक, म्हणजे ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा हेलकावणाऱ्या वस्तू, हुबेहूब सारखे, नियम एकच, शेजाऱ्यांशी जोडणीही सारखी. असा समूह एक तर तालावर येणार, नाहीतर पुरता विस्कटणार, हा समज बराच काळ पक्का होता. 2002 मध्ये योशिकी कुरामोतो आणि दोर्जसुरेन बट्टोग्तोख यांनी तो मोडला. त्यांच्या गणितात दोलकांचा एक गट एकतालात राहिला, उरलेले भरकटले, आणि दोन्ही गट शेजारी-शेजारी टिकले. अट एकच होती: जोडणी फक्त लगतच्या दोलकाशी नको आणि सर्वांशी समसमानही नको, अंतरागणिक ती क्षीण व्हावी. 2004 मध्ये डॅनियल एब्रम्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी या अवस्थेला ‘कायमेरा’ हे नाव दिले.

प्रकाशविज्ञान मात्र या वळणावर आधीपासूनच येऊन पोचले होते. लेसरची समीकरणे आणि हवामानावरून सुचलेली, कोलाहल (नियम ठरलेले असूनही अंदाज न बांधता येणारी चाल) दाखवणारी लॉरेन्झची समीकरणे एकाच रूपात मांडता येतात, हे हर्मन हाकेन यांनी 1975 मध्ये दाखवले. 1979 मध्ये केन्सुके इकेदा यांनी आरशांच्या वलयात फिरणाऱ्या प्रकाशाचा विचार केला. वाटेतल्या अरेषीय माध्यमाचा प्रतिसाद प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलतो, आणि फेरी मारून परतलेला प्रकाश पुन्हा त्याच माध्यमातून जातो. या विलंबामुळेच बाहेर पडणारा प्रकाश कोलाहलात जाऊ शकतो.

माझ्या मते या इतिहासाचा कणा हा विलंबच आहे. विलंब असलेल्या प्रणालीची अवस्था एका आकड्यात मावत नाही. तिला मागच्या पूर्ण फेरीचा संकेत लागतो. एकेका फेरीचे तुकडे एकाखाली एक मांडले की वेळेचा आलेख अवकाशाच्या नकाशासारखा वाचता येतो. अरेक्की आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसरवर हेच केले. म्हणजे एकच लेसर दोलकांच्या अख्ख्या रांगेचे काम करू शकतो!

प्रयोगात कायमेरा दिसला तो 2012 मध्ये, एकाच वेळी रासायनिक दोलकांत आणि प्रकाशात. मेरीलँड विद्यापीठातल्या राजर्षी रॉय यांच्या गटाने द्रवस्फटिकाचा पडदा वापरला. कॅमेरा त्यावरची तीव्रता टिपे, संगणक जोडणी मोजून ती पडद्याकडे परत पाठवी. जोडणीच संगणकाची, हा आक्षेप रास्त होता. पुढच्याच वर्षी स्प्रिंगांनी जोडलेल्या झोपाळ्यांवर ठेवलेल्या मेट्रोनोमांनी (टकटक करत ताल देणाऱ्या यंत्रांनी) निव्वळ यांत्रिक पुरावा दिला.

इकेदांच्या विलंबाचा धागा 2015 मध्ये लॉरां लार्जे आणि सहकाऱ्यांनी पुढे नेला. अर्धवाहक लेसरच्या विलंबित फीडबॅकमध्ये, म्हणजे त्याचाच संकेत उशिराने त्याच्याकडे परत पाठवण्यात, त्यांना कायमेरा मिळाला. मांडणी तीच ठेवून फक्त सुरुवात बदलली, तरी शिस्तीच्या बेटांची संख्या बदलत होती.